ओढ्यातले परके मासे आणि नववीची मुलं: जाळं टाकायला शिकवलं, आता पुढे काय?

बांधावरचे_मास्तर

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेच्या मागून ओढा जातो आणि पुढे दोन-अडीच किलोमीटरवर उजनीच्या फुगवट्याला मिळतो. परकीय प्रजाती म्हटलं की आमची मुलं गाजरगवत, घाणेरी, जलपर्णी अशी घडाघडा तीन नावं सांगतात, मार्क घेतात आणि संपलं. तीच मुलं सुट्टीच्या दिवशी मच्छरदाणीच्या तुकड्याने ओढ्यात मासे धरतात. या दोन गोष्टींची गाठ घालावी म्हणून गेल्या जूनपासून दर दुसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही ओढ्यावर जातो.

सामान घरगुतीच. तारेची चौकट, तिला मच्छरदाणीचं कापड, मागे काठी. एक पांढरं टब. आलेखाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून त्यावर मासा ठेवायचा आणि फोटो काढायचा, म्हणजे लांबी नंतर निवांत मोजता येते. पाण्याचा गढूळपणा बघायला स्टीलच्या ताटलीला काळे-पांढरे चतकोर रंगवून ती दोरीने सोडतो. दिसेनाशी झाली की दोरीची गाठ मोजायची. पाणी गुडघ्याच्या वर नको, एवढा एकच कडक नियम. ओढ्यावर एकूण सहा जागा, प्रत्येक जागी वीस हिसके.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. चारही गटांच्या वह्या बघितल्या तर सगळ्यांना प्रत्येक हिसक्यात मासा! म्हटलं, वा, ओढा आहे की मत्स्यालय? चौकशी केल्यावर कळलं, रिकामं आलेलं जाळं कुणी लिहिलंच नव्हतं. "सर, काही मिळालं नाही तर काय लिहायचं?" एका मुलीने मात्र शून्यं लिहिली होती, आणि तिच्या गटातल्या पोरांनी ती खोडली होती, वही वाईट दिसते म्हणून. पुढचे दोन शनिवार मी फक्त शून्य लिहायला शिकवलं. वीस वर्षांच्या नोकरीत एवढी अवघड गोष्ट शिकवल्याचं आठवत नाही.

दिवाळीपर्यंतचं चित्र असं. गावाच्या वरच्या बाजूला, बंधाऱ्यापलीकडे, अंगावर आडवी काळी रेघ असलेले रासबोरा, ठिपक्यांच्या खवल्या आणि दगडाखालचे मळ्ये. गावाचं गटार ओढ्याला मिळतं तिथून खाली जवळपास नुसते गप्पी. मुलांनी निष्कर्ष काढून टाकला: गप्पीने आपले मासे हाकलले.

आणि आमच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर, ओढ्याकडच्याच बाजूला, आरोग्य खात्याने रंगवलंय: 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.'

"सर, मग हे पुसायचं का?" असं एकाने विचारलं. मी म्हटलं, बघू. म्हणून हा धागा.

सोलापूरची_शेंगाचटणी

वाखूसा (वाचनखूण साठवली)! आधी फोटो टाका. फोटोशिवाय मासेधागा पाप आहे.

ऑक्सिजन_कमी

मास्तर, उपक्रम झकास. पण मुलांचा निष्कर्ष तुम्ही तसाच जाऊ दिला असेल तर थोडं थांबा.

गटाराच्या खाली गप्पी आहेत आणि देशी मासे नाहीत, एवढंच तुमच्या वहीत आहे. गप्पीने हाकलले की गटाराने मारले, हे त्यातून कळत नाही. गप्पी कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तग धरतो. अगदी पृष्ठभागाला तोंड लावून हवेलगतच्या पातळ थरातलं पाणी कल्ल्यांवरून फिरवत राहतो. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं ते याला कामी येतं. रासबोराला हे गटारात जमायचं नाही. म्हणजे कदाचित देशी मासे आधीच गेले आणि रिकाम्या घरात गप्पी राहायला आले.

दुसरी शक्यताही खोटी नाही. गप्पी आणि गॅम्बुसिया (डासांसाठीच आणलेला दुसरा परका मासा) दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातात. त्यातून गप्पीची मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि अंडी न घालता थेट पिल्लं देते. एकच गाभण मादी ओढ्यात पडली तरी गाव वसतं.

हे दोन्ही वेगळं कसं करायचं, ते मुलांनाच विचारा. स्वच्छ पाणी आहे पण गप्पी आहेत, अशी जागा शोधायला सांगा. आणि घाण पाणी आहे पण गप्पी पोचलेले नाहीत, अशीही एक. चार खणांचा तक्ता होतो. सध्या तुमच्या मुलांकडे त्यातले दोनच खण भरलेले आहेत.

बांधावरचे_मास्तर

@ऑक्सिजन_कमी, नेमकं बोट ठेवलंत. खरं सांगतो, मीही मनातून तोच निष्कर्ष काढून बसलो होतो. तक्ता उद्याच फळ्यावर काढतो.

@शेंगाचटणी, फोटो चढवायचा प्रयत्न केला, साइझ जास्त आहे म्हणतंय. मुलांपैकी कुणाला तरी विचारतो.

भीमाकाठचा_पोरगा

सर, आमचं घर पळसदेवच्या बाजूला, तीन पिढ्या मासेमारी. ओढ्यातलं गप्पी-बिप्पी ठीक हाय, पण फुगवट्यावर पोरं आणणार असाल तर एक सांगतो. तिथं 'परका मासा वाईट' असं बोलू नका. आमच्याकडं चिलापीवर घर चालतंय. माझी फी चिलापीनं भरली.

आजा सांगायचा, धरण भरलं तेव्हा जाळ्यात काय काय यायचं. आता आठवड्यात एखादी चांगली वाम आली तर फोटो काढतो आम्ही. तेही खरंच. पण चिलापी काय सोताहून चालत आली का? कुणीतरी आणून सोडलीच ना?

सकरचं, त्या काचेच्या टाकीत पाळतात त्या माशाचं, मात्र तुम्ही म्हणाल ते मान्य. त्याला गिऱ्हाईक नाय. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पाट्या, काटे जाळ्यात अडकतात, सोडवताना जाळं फाटतं नाय तर हात. काठावर फेकला तर तासन् तास मरत नाय. दिवसभराचं जाळं ओढायचं आणि त्यात सकर निघाला की डोकं फिरतं.

जुनी_कागदपत्रं

भीमाकाठचे, प्रश्न बरोबर. कुणी आणून सोडली, याचीच नोंद मुलांना वाचायला द्यावी. मोझांबिक तिलापिया म्हणजे तुमची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली, खाण्यासाठी मासा वाढावा म्हणून. गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून आला, डासांसाठी. गप्पी त्याही आधीचा. सायप्रिनसचा (कॉमन कार्प) एक वाण १९३९ मध्ये, दुसरा १९५७ मध्ये. गवत्या आणि सिल्व्हर कार्प १९५९ मध्ये. यातलं एकही आणणं चोरून झालं नाही, सगळी सरकारी कागदावरची कामं.

थाई मांगूर वेगळा. त्याच्या पैदाशीवर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली, तरी शेततळ्यांत लपूनछपून चालूच राहिली. हरित लवादाचा आदेश आल्यावर आपल्याच भागात खड्डे खणून मांगूर पुरल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील.

अवांतर: पुण्याच्या नद्यांतल्या माशांची पहिली नीट यादी कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास केली. गड्याने काठावर ऐकलेली नावंच लॅटिनमध्ये बसवली. खुद्री, कोलस, मुल्या, फुलुंगी ही आज जगभर शास्त्रीय नावं म्हणून चालतात. मास्तरांच्या मुलांना दगडाखाली सापडतोय तो मळ्या म्हणजे त्याचा 'गारा मुल्या'. पुढे १९४२ मध्ये फ्रेझरने बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जर्नलमध्ये पुण्याच्या माशांची यादी छापली. तुलना करायला जुना कागद हाताशी असणं ही चैन आहे, आणि मुठा-भीमेच्या पोरांना ती मिळालेली आहे.

डोंबिवली_फास्ट_अक्वेरियम

सकरबद्दल माझा कबुलीजबाब. २०११ मध्ये पुण्यात होस्टेलवर होतो. टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला बोटभर सकर वर्षात हातभर झाला. परीक्षा संपली, खोली सोडायची होती, मुठेत सोडला. पुण्य केल्यासारखं वाटलं होतं. मुठा मुळेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला, आणि भीमा थेट उजनीत. भीमाकाठचे, तुमच्या फाटलेल्या जाळ्यात माझा वाटा असू शकतो.

भीमाकाठचा_पोरगा

हाहा, दादा पत्ता पाठवा, जाळ्याचं बिल लावतो.

खडशीवाला

चर्चा 'परका' या शब्दाभोवती फिरते आहे म्हणून एक उलटं उदाहरण देतो.

आपला महसीर, खडशी, साइक्सचा खुद्री. मुळा-मुठेतल्या माशावरून याचं नाव पडलं, म्हणजे यापेक्षा अस्सल पुणेकर सापडणार नाही. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार होऊ लागली आणि देशभर नद्यांत सोडली गेली. काम चांगल्या हेतूचं होतं, मासा वाचावा म्हणून. त्यातली काही कावेरीत गेली. कावेरीत तिथला स्वतःचा, पाठीवर मदार असलेला महसीर होता. खुद्री वाढत गेला आणि तो घटत गेला. गंमत म्हणजे त्या बिचाऱ्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८ मध्ये, आणि लगेच नामशेष होण्याच्या सगळ्यात वरच्या धोक्याच्या यादीत गेला.

हे कळलं कशावरून? गळ टाकणाऱ्यांच्या शिबिरांतल्या नोंदींवरून. किती वेळ गळ टाकून बसले आणि कोणता मासा लागला, हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. शास्त्रज्ञांनी त्याचा आलेख काढला. मास्तर, तुमची शून्यं त्याच जातीची आहेत.

तेव्हा मुलांना नकाशा दाखवा आणि विचारा, खडशी देशी की परकी? उत्तर नदीगणिक बदलतं.

पिओरियाची_सूनबाई

अमेरिकेत इलिनॉय नदीकाठी राहते, म्हणून इकडची गोष्ट. आपल्याकडे तळ्यात मुद्दाम सोडतात तो सिल्व्हर कार्प इकडे खलनायक आहे. १९७० च्या दशकात शेततळी आणि सांडपाण्याची तळी साफ करायला आणला आणि पुरात निसटला. मोटरबोटीच्या आवाजाने मासे पाण्याबाहेर उड्या मारतात, माणसांना लागतात. तो पुढे मोठ्या सरोवरांत शिरू नये म्हणून शिकागोजवळच्या कालव्यात विजेचे अडसर लावलेत. लोकांनी खावा म्हणून २०२२ मध्ये त्याला 'कोपी' असं नवीन नाव दिलं. बारशाचा उपयोग किती होतो बघायचं. मी कोथिंबीर-लसूण लावून करते. काटे फार, चव छान, पण शेजारीण हात लावत नाही.

इथे मासा न धरताही त्याचा पत्ता काढतात. पाण्याचा नमुना घ्यायचा आणि त्यात माशाच्या शरीरातून सुटलेला डीएनए शोधायचा. शाळेला परवडणारं नाही, पण ऐकून मुलांचे डोळे मोठे होतील.

कायदेशीर_कटकट

आनंदात विरजण घालतो, माफी असावी.

ओढ्यात हातजाळी ठीक आहे. जलाशयात मात्र मासेमारीचा ठेका असतो. तिथे जाळं टाकण्याआधी मच्छिमार सोसायटीशी बोला, लेखी घ्या. त्यापेक्षा चांगलं म्हणजे त्यांच्या जाळ्यात आलेलेच मासे मोजा. सकर आणि मांगूर जिवंत शाळेत आणून टाकीत ठेवू नका, उद्या कुणीतरी सुट्टीत दया येऊन सोडून देईल (वर डोंबिवलीकर साक्षीदार आहेत). २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यातही परकीय आक्रमक प्रजातींचं कलम आलंय. आणि पालकांची संमतीपत्रं. तोंडी नाही, सहीची.

नर्सबाई_बारामती

आणि शिंगटा (काटेवाला मासा) हाताळताना जाड कापड. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन पोरं काटा लागून ठणकत येतात. सहन होईल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका कमी होतो. हळद नंतर लावा, आधी जखम धुवा.

बांधावरचे_मास्तर

थोडा उशीर झाला, सहामाहीचे पेपर होते.

सोसायटीच्या अध्यक्षांशी बोललो. भीमाकाठच्या पोराने मध्यस्थी केली, त्याचे आभार. पहाटे जाळी काठावर आली तेव्हा आम्ही ताडपत्री घालून बसलो होतो. बाजारात जाणाऱ्या माशाला उशीर नको म्हणून कटला, मरळ फक्त मोजून लगेच परत. चिलापीची लांबी आणि वजन घेतलं. सकर आम्हालाच दिले, "घेऊन जा, उपकार होतील" म्हणून. थंडगार होऊन पूर्ण मेल्यावरच ते उघडले. जिवंत मासा कापायचा नाही, हा दुसरा नियम तिथेच जन्माला आला.

मुलांची ठाम समजूत होती की सकर इतर माशांची अंडी खाऊन टाकतो. व्हॉट्सॲपवर आलेलं. सहा सकर उघडले. आतडं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं; सोडवून सुतळीशेजारी ठेवलं तर वऱ्हांडा पुरेना. एका पोराने उड्या मारत विचारलं, "सर, एवढं लांब कशाला?" दुसऱ्याने गाईचं आतडं आठवून स्वतःच उत्तर दिलं, गाळ-शेवाळ पचवायचं तर वेळ लागणारच. पोटात सापडला तो चिखल आणि हिरवट गाळ. अंडी नाहीत.

लगेच वर्गाची दोन गटांत भांडणं. एक म्हणतो, व्हॉट्सॲप खोटं. दुसरा म्हणतो, माशांचा अंडी घालायचा हंगाम पावसाळ्यात, आपण उघडले नोव्हेंबरात, तर अंडी येणार कुठून? मी गप्प बसलो. वहीत लिहिलं गेलं: 'सहा सकर. अंडी नाहीत. पावसाळ्यात परत बघणे.' मला विचाराल तर वर्षभरातली ही सगळ्यात चांगली ओळ.

काठावर सकरची बिळंही दिसली. पाणी उतरल्यावर उघडी पडतात, बांधाची माती त्यामुळे सुटते. मुलांनी काठीने खोली मोजली. कुणीतरी हात घालणारच होतं, ओरडावं लागलं. सापही तिथेच राहतात.

आता गप्पीचा चार खणांचा तक्ता. स्वच्छ पाणी आणि गप्पी, अशी एक जागा सापडली: बंधाऱ्याच्या वर, जुन्या विहिरीचं पाणी पाझरून येतं तिथे. विहिरीत गप्पी आहेत आणि ओढ्यात त्या जागी गप्पी व रासबोरा दोन्ही आहेत. रासबोरा वरच्या जागांपेक्षा कमी आहे असं वाटतं, पण तीनच शनिवारांचे हिसके आहेत. मुलं म्हणतात कमी आहे. मी म्हणतो, अजून मोजा.

ऑक्सिजन_कमी

तीन शनिवारांवर 'वाटतं' म्हणालात, तिथेच टाळ्या. पावसाळ्याआधी आणि नंतरही मोजा. पुराने ओढा धुतला जातो, सगळे आकडे हलतात. आणि विहिरीत गप्पी कधी आले, ते कळलं तर सोनं. पाच वर्षांपूर्वी की तीस, यावर बरंच अवलंबून आहे.

माजी_आरोग्यसेवक

मास्तर, बरेच दिवस वाचत होतो, लिहू की नको करत होतो.

मी तुमच्याच तालुक्यात बहुउद्देशीय आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तुमच्या भिंतीवरचं ते वाक्य माझ्या देखरेखीखाली रंगवलं असण्याची दाट शक्यता आहे. 'हिवताप'मधला 'हि' ऱ्हस्वच आहे ना बघा, पेंटर दीर्घ काढायचा.

आमची गप्पी पैदास केंद्रं असायची. सूचना अशी होती की पाणी साठून राहतं तिथे सोडायचे. विहिरी, हौद, खाणींची डबकी. जोरात वाहणाऱ्या पाण्यात सोडून उपयोगही नाही, डास सहसा तिथे अंडी घालत नाहीत. पण दिवसभर सायकलवर घागर घेऊन फिरल्यावर संध्याकाळी तळाशी पंचवीस-तीस मासे उरायचे. परत केंद्रावर कोण नेणार? वाटेत ओढा लागला की ओतायचो. मीही ओतलेत. कित्येकदा. मरण्यापेक्षा जगतील, एवढाच विचार.

तेव्हा गावात हिवतापाने माणसं फणफणायची, हेही मुलांना सांगा. भिंत पुसू नका. हवं तर खाली एक ओळ वाढवा, 'ओढ्यात सोडू नका'. पेंटरचे पैसे मी देतो.

भीमाकाठचा_पोरगा

काका, दंडवत. आमच्या विहिरीत पण तुम्हीच सोडले असतील.

बांधावरचे_मास्तर

काका, तुमची पोस्ट आज वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. नाव नाही सांगितलं. मघाचा भिंत पुसायला निघालेला पोरगा थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "त्यांना विचारा ना सर, कुठे कुठे ओतले."

तर विचारतो. आठवतंय का काही? साधारण वर्षं, गावं?

माजी_आरोग्यसेवक

आठवायला कशाला हवं? रोजचं रजिस्टर होतं. कोणत्या विहिरीत किती सोडले, तारीख, सही. स्वतःची एक प्रत मी घरी ठेवायचो, वरिष्ठांनी अडवलं तर दाखवायला. ओढ्यात ओतलेले अर्थातच त्यात नाहीत, पण त्या दिवशी कोणत्या गावाहून परतलो ते आहे, म्हणजे वाटेतला ओढा कोणता ते मी सांगू शकतो.

काल माळ्यावरून ट्रंक काढली. सुरुवातीची वर्षं वाळवीने खाल्लीत. २००३ पासूनची पुढची धड आहेत. शनिवारी घेऊन येऊ का? किती वाजता जमता?

बांधावरचे_मास्तर

साडेसात. शाळेच्या मागच्या फाटकाशी. बूट घालून या काका, काठावर बाभळीचे काटे फार आहेत.